समुद्रतळाचा गाळ वर कसा आणितात

धान्याच्या बाजारांत व्यापारी माल कसा पारखतो, हें तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. पोतें न उसवतां तो त्यांत एक टोंकदार, पोकळ, लोखंडी नळी खुपसतो, ती बाहेर ओढतो, आणि तिच्यांतून तळहातावर आलेल्या मूठभर दाण्यांवरून सबंध पोत्याचा भाव ठरवितो. शहाणा व्यापारी पोत्याच्या तोंडाशीं असलेल्या दाण्यांवर भरंवसा ठेवीत नाहीं. कारण वर चांगला माल आणि खालीं कोंडा, ही युक्ति त्यास ठाऊक असते. नळी पोत्याच्या पोटांत शिरली पाहिजे, आणि तेथें जें जसें होतें तें तिनें तसेंच बाहेर आणिलें पाहिजे, एवढीच त्याची अपेक्षा असते.

आतां अशी कल्पना करा कीं, पोत्याच्या जागीं समुद्राचा तळ आहे. तो आपल्यापासून ४ किलोमीटर खालीं, गर्द काळोखांत आहे. तेथें पाण्याचा दाब आपल्या अंगावरील हवेच्या दाबाच्या सुमारें ४०० पट आहे. आणि आपण ज्यावर उभे आहों तें जहाज लाटांवर एकसारखें वर-खालीं होत आहे. अशा ठिकाणाहून चिखलाचा नमुना कसा काढावा, आणि तोही त्याचे थर न विस्कटतां, हा प्रश्न शास्त्रज्ञ दीडशें वर्षांहून अधिक काळ सोडवीत आले आहेत. त्याचीच हकीकत येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम कोणी विचारील कीं, चिखलासाठीं एवढा खटाटोप कां? त्याचें उत्तर असें. समुद्राच्या तळावर रात्रंदिवस एक अतिशय बारीक पाऊस पडत असतो. नद्यांनीं आणिलेली माती, वाऱ्यानें उडविलेली वाळवंटांतील धूळ, ज्वालामुखींची राख, आणि पाण्याच्या पृष्ठभागाजवळ जगणाऱ्या असंख्य सूक्ष्म जीवांचीं कवचें, हीं सर्व हळूहळू खालीं बसतात. हा पाऊस फार मंद असतो. जमिनीपासून दूर, खोल महासागरांत, हजार वर्षांत कोठें दोनतीन सेंटिमीटर, तर कोठें जेमतेम मिलिमीटरभर गाळ सांचतो. हजार वर्षांस २ सेंटिमीटर असा हिशेब धरला, तरी एक वीत गाळ सांचावयास १०,००० हून अधिक वर्षें लागतात. नवा थर जुन्यावर बसतो. म्हणून तळाचा गाळ ही पानावर पान रचलेली एक बखरच होय. मात्र तिचें शेवटचें पान सर्वांत वर, आणि पहिलें पान सर्वांत खालीं असतें.

ह्या बखरींत आपल्या उपयोगाचें काय लिहिलेलें असतें? एकच उदाहरण पुरे आहे. आपल्याकडील शेती ज्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर अवलंबून आहे, ते वारे सोमालिया व ओमान ह्यांच्या किनाऱ्यांजवळून अरबी समुद्रावर वाहत येतात. ते जोरानें वाहूं लागले म्हणजे तेथील वरचें ऊन पाणी दूर लोटलें जातें, आणि खालचें थंड व पोषक द्रव्यांनीं भरलेलें पाणी वर येतें. त्या पाण्यांत ग्लोबिजेरिना बुलॉइड्स नांवाचा एक सूक्ष्म जीव विपुल वाढतो, आणि मेल्यावर त्याचें चुन्याचें कवच तळाशीं जातें. म्हणून ज्या थरांत हीं कवचें अधिक, त्या काळीं वारे जोरदार असावेत, असें अनुमान काढतां येतें. भारताचें हवामानखातें सन १८७५ मध्यें स्थापन झालें. त्याच्याही हजारों वर्षें पूर्वीं मोसमी वारे केव्हां बळावले आणि केव्हां दुबळे झाले, हें सांगणारे जे थोडे साक्षीदार आहेत, त्यांत हा गाळ एक प्रमुख साक्षीदार होय. परंतु साक्षीदाराचें ऐकावयाचें असेल, तर त्याच्या तोंडांत आपले शब्द घालतां कामा नये. गाळ वर आणितांना त्याचे थर कालवले गेले, तर त्याची साक्ष खोटी ठरते. पुढील सर्व हकीकतींत ही एक गोष्ट ध्यानांत ठेवा.

पूर्वींचे खलाशी समुद्राची खोली मोजण्यासाठीं दोरीला शिशाचें वजन बांधून सोडीत. त्या वजनाच्या बुडाशीं एक खळगी असे. तिच्यांत ते चरबी भरीत. वजन तळाला टेकलें कीं तेथील वाळू, शिंपल्यांचा चुरा किंवा चिखल चरबीला चिकटून वर येई. धुक्यांत किनारा दिसत नसतांही, चरबीला काय चिकटलें आहे तें पाहून अनुभवी खलाशी आपण कोठें आहों हें ताडीत असत. उथळ समुद्रांत ही युक्ति चाले. पण महासागरांत वजन तळाला टेकलें केव्हां हेंच नीट कळेना, आणि तें परत ओढूं लागलें तर दोरी तुटे. अमेरिकेच्या आरमारांतील जॉन मर्सर ब्रुक नांवाच्या एका तरुण अधिकाऱ्यानें १८५० नंतरच्या थोड्याच वर्षांत ह्यावर तोड काढली. त्यानें तोफेच्या गोळ्यास आरपार भोंक पाडून त्यांतून एक दांडी ओंवली. दांडी तळाला टेकतांच गोळा आपोआप सुटून तेथेंच राही. आणि दांडीच्या टोंकाशीं अडकलेला चिमूटभर गाळ तेवढा हलक्या दोरीबरोबर वर येई.

अशा चिमूटभर गाळानें शास्त्रज्ञांस पुष्कळ शिकविलें. पण एकदां त्यांची फसगतही झाली. अटलांटिक महासागराच्या तळावरून तारायंत्राची तार टाकण्यापूर्वीं, सन १८५७ मध्यें, सायक्लॉप्स नांवाच्या ब्रिटिश आरमारी जहाजानें तेथील तळाचे नमुने काढले होते. ते टिकावे म्हणून मद्यार्कांत ठेविले होते. सन १८६८ मध्यें सुप्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ टॉमस हेन्री हक्स्ले ह्यांनीं ते सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पुन्हां तपासले, तों त्यांना एक बुळबुळीत पदार्थ दिसला. समुद्रतळावर पसरलेला हा अगदीं आरंभींचा सजीव पदार्थ असावा, असें त्यांना वाटलें. त्यांनीं त्यास बॅथिबियस असें नांवही दिलें. पुढें चॅलेंजर नांवाच्या जहाजावरील रसायनशास्त्रज्ञ जॉन यंग ब्यूकॅनन ह्यांनीं ह्या गोष्टीचा शोध घेतला. ताज्या गाळांत तो पदार्थ कांहीं केल्या आढळेना. मद्यार्क घातला कीं मात्र तो दिसूं लागे! समुद्राच्या पाण्यांत मद्यार्क मिसळला असतां पाण्यांत विरघळलेलें कॅल्शियम सल्फेट वेगळें होऊन बुळबुळीत साक्यासारखें खालीं बसतें, एवढाच तो चमत्कार होता. सन १८७५ मध्यें ही गोष्ट हक्स्ले ह्यांस कळविण्यांत आली, तेव्हां त्यांनीं आपली चूक छापून उघडपणें मान्य केली. गाळ खोटें बोलला नव्हता; तो ठेवण्याच्या रीतीमुळेंच त्याच्या साक्षींत भेसळ झाली होती. आणि चूक कबूल केल्यानें हक्स्ले ह्यांची योग्यता तिळभरही कमी झाली नाहीं, हेंही लक्षांत घेण्यासारखें आहे.

वर उल्लेखिलेलें चॅलेंजर जहाज ता. २१ डिसेंबर १८७२ रोजीं इंग्लंडांतील पोर्ट्स्मथ बंदरांतून निघालें आणि जगाच्या महासागरांतून फिरून मे १८७६ मध्यें परत आलें. ह्या सफरींत ३६२ ठिकाणीं थांबून समुद्राची तपासणी करण्यांत आली. ता. २३ मार्च १८७५ रोजीं पश्चिम पॅसिफिक महासागरांत खोली निघाली ४,४७५ वांव, म्हणजे ८ किलोमीटरांहूनही अधिक. ठिकठिकाणच्या गाळाचे जे नमुने मिळाले, त्यांवर जॉन मरे व आल्फोन्स रेनार ह्यांनीं लिहिलेला मोठा ग्रंथ सन १८९१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत त्यांनीं ठरविलेलीं तांबडी माती, ग्लोबिजेरिनाचा चिखल इत्यादि नांवें अद्यापि वापरांत आहेत. परंतु ह्या सफरींतील नळ्या आंखूड होत्या. त्यांत तळाचा अगदीं वरचा गाळ तेवढा येई. दुसरें साधन म्हणजे ड्रेज. ही लोखंडी चौकटीला जोडलेली पिशवी तळावरून फरफटत नेत. तिच्यांत माल पुष्कळ येई, पण सगळा कालवलेला. बखरीचीं पानें फाडून एका टोपलींत भरावीं, तशांतला तो प्रकार होता.

ह्यापुढची पायरी म्हणजे पंजा. दोन्ही हातांची ओंजळ उघडून पाण्यांत घालावी, आणि बुडाशीं गेल्यावर मिटून वर काढावी, तसें हें यंत्र असतें. व्हॅन व्हीन नांवाच्या डच अभियंत्यानें सन १९३३ मध्यें असा एक पंजा तयार केला. तो लोखंडी जबडा तळाला टेकतो, आणि दोर ओढूं लागतांच लांब दांड्यांच्या जोरानें मिटतो. कांहीं पंज्यांना तर दोरच नसतो. ते वजनासह समुद्रांत सोडून देतात. तळाला गेल्यावर ते मिटतात, वजन टाकून देतात, आणि बांधलेल्या तरंगत्या गोळ्यांच्या बळावर आपण होऊन वर येतात. समुद्रतळावर विखुरलेले मँगॅनीज, निकेल, तांबें इत्यादि धातूंचे बटाट्याएवढे गोटे गोळा करण्यास हे पंजे फार सोयीचे पडतात. सन १९६६ मध्यें स्थापन झालेल्या, गोव्यांतील दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं ता. २६ जानेवारी १९८१ रोजीं, गवेषणी ह्या जहाजावरून, हिंदी महासागराच्या तळांतून असे गोटे पहिल्यानें वर काढले. तळाच्या पृष्ठभागावर काय आहे, हें पंजा चांगलें सांगतो. पण खालचे थर तोही कालवून टाकतो.

थर जसेच्या तसे हवे असतील, तर व्यापाऱ्याच्या नळीकडेच वळलें पाहिजे. ह्यासाठीं एक लांब पोलादी नळी घेतात. तिच्या माथ्यावर शेंकडों किलोग्रॅम वजन बसवितात, आंत प्लॅस्टिकची दुसरी नळी सरकवितात, आणि खालच्या तोंडाशीं पातळ पत्र्याच्या, आंतल्या बाजूस वळलेल्या पाकळ्या लावितात. नळी आपल्या वजनानें गाळांत घुसते तेव्हां ह्या पाकळ्या उघडून गाळास वाट देतात. ती वर ओढली कीं मिटून त्यास अडवितात. माथ्याशीं एक झडप असते. ती जातांना आंतील पाण्यास बाहेर जाऊं देते, आणि येतांना बंद होते.

ही युक्ति सोपी दिसते खरी. पण तिच्यांत एक खोट आहे. ती तुम्हांस घरच्या घरीं पाहतां येईल. एका खोल डब्यांत काळी माती, विटांचा भुगा आणि पांढरी रांगोळी ह्यांचे ओले, मऊ थर आळीपाळीनें द्या. पपईच्या पानाचा ताजा देठ पोकळ असतो. तो दोन्ही टोंकांस कापून त्या चिखलांत सरळ खुपसा. वरचें तोंड आंगठ्यानें घट्ट दाबून धरा, आणि देठ हळूच ओढून काढा. मग तो चाकूनें उभा चिरून पाहा. आंत थर दिसतील. पण देठ चिखलांत जितका शिरला होता, तितक्या उंचीचा गाळ त्यांत बहुधा भरलेला नसेल. (हा प्रयोग अंगणांत करावा, म्हणजे घरांतील मंडळींचा रोष होणार नाहीं.) असें कां व्हावें? गाळ नळीच्या आंतल्या भिंतीला घांसतो. नळी जसजशी भरते, तसतसें हें घर्षण वाढतें. आणि शेवटीं नळी बूच मारल्यासारखी होऊन पुढचा गाळ आंत न घेतां बाजूला सारूं लागते. मग कांहीं थर दबून पातळ होतात, तर कांहीं मुळींच येत नाहींत. वाचणारास मात्र वाटतें कीं, बखर पुरी हातीं आली.

ही अडचण नुसत्या जोरानें दूर होईना. सन १९३६ मध्यें चार्ल्स पिगट ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें लॉर्ड केल्व्हिन नांवाच्या जहाजावरून अटलांटिक महासागरांत स्फोटक दारूच्या धक्क्यानें नळी गाळांत ठोकून पाहिली. तरी सुमारें ३ मीटरांपलीकडे मजल गेली नाहीं. खरी तोड काढली ती स्वीडनमधील ब्योर्ये कुलेनबर्ग ह्यांनीं. त्यांनीं नळींत पिचकारीसारखा एक दट्ट्या बसविला. हा दट्ट्या जहाजावरून आलेल्या तारेला बांधलेला असतो, आणि नळी एका आडव्या दांडीला अडकविलेली असते. दांडीच्या दुसऱ्या टोंकापासून एक लहान वजन नळीच्याही खालपर्यंत लोंबत असतें. हें वजन प्रथम तळाला टेकतें. त्याबरोबर दांडी हलते, नळी सुटते आणि वेगानें खालीं पडते. नळीचें तोंड गाळापाशीं पोंचतें, नेमक्या त्याच वेळीं दट्ट्याची तार ताणली जाते. आतां दट्ट्या गाळाच्या पृष्ठभागाशीं स्थिर राहतो, आणि नळी त्याच्याभोंवतीं खालीं सरकत जाते. दट्ट्या व गाळ ह्यांमध्यें पोकळी होऊं शकत नाहीं. त्यामुळें घर्षणाला न जुमानतां गाळ आपल्या जागींच राहतो, आणि नळी जणूं त्याच्यावर म्यानासारखी चढते. हान्स पेटरसन ह्यांच्या नेतृत्वाखालीं आल्बाट्रॉस नांवाच्या स्वीडिश जहाजानें सन १९४७-४८ मध्यें पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हां ह्या साधनानें १५ मीटरांहून लांब गाळाचे दंड वर आले. ह्याच तत्त्वावर चालणाऱ्या मोठ्या नळ्यांनीं मॅरियों द्युफ्रेन ह्या फ्रेंच जहाजावरून पुढें ६० मीटरांहूनही लांब दंड काढण्यांत आले.

तथापि दट्ट्याही निर्दोष नाहीं. वर ओढतांना तो जागचा हलला, तर खालचा गाळ चोखला जाऊन नळींत शिरतो, आणि तेथें कधीं नसलेला थर दिसूं लागतो. त्याचप्रमाणें तळाचा अगदीं वरचा, पेजेसारखा पातळ गाळ नळीच्या धडाक्यानें उडून जातो. म्हणून सावध शास्त्रज्ञ एकाच साधनावर विसंबत नाहीं. लोंबत्या वजनाच्या जागीं तो दुसरी लहान नळी लावितो, आणि तिच्यांतील गाळाशीं मोठ्या नळींतील गाळ ताडून पाहतो. वरच्या थरांसाठीं तो चौकोनी पेटी वापरतो. ती गाळांत रुतली कीं एक फावडें खालून फिरून तिचें तोंड बंद करितें. किंवा पारदर्शक नळ्यांचा झुबका अगदीं सावकाश गाळांत उतरवितो. त्यांत गाळ येतो, एवढेंच नव्हे, तर त्याच्यावर उभें असलेलें पाणीही निवळ राहून वर येतें.

गाळाचा दंड जहाजावर आला म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. प्लॅस्टिकची नळी साधारणतः दीड मीटर लांबीच्या तुकड्यांत कापतात. जहाजाचें नांव, ठिकाणाचा क्रमांक, तुकड्याचा क्रमांक, वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, हें सर्व तेथल्या तेथें नळीवर लिहितात. स्थळाचे अक्षांश-रेखांश, खोली व तारीख वहींत नोंदतात. महासागराच्या तळाला भोंक पाडणाऱ्या मोठ्या जहाजांवर वरच्या टोंकाला निळें टोपण लावण्याची रीत आहे. निळें म्हणजे आकाशाकडचें, असें समजा. मग तुकडा उभा चिरतात. एक अर्धुक तपासणीसाठीं वापरतात. दुसरें न हलवितां थंड कोठारांत जपून ठेवितात. उद्यां कोणाला शंका आली, किंवा नवें यंत्र निघालें, तर साक्षीदार पुन्हां बोलवितां आला पाहिजे. हिंदी महासागराच्या तळांतून आंतरराष्ट्रीय सहकार्यानें काढलेले असे पुष्कळ दंड जपानांतील कोची ह्या शहरीं ठेविलेले आहेत. केरळांतील कोची निराळें, हें ध्यानांत असावें.

ह्याहून खोल जावयाचें तर तळाला भोंकच पाडावें लागतें. ग्लोमार चॅलेंजर ह्या जहाजानें सन १९६८ ते १९८३ पर्यंत, आणि जॉयडीस रेझोल्यूशन ह्या जहाजानें सन १९८५ ते २०२४ पर्यंत हें काम केलें. जहाजाच्या मध्यभागीं आरपार भोंक असतें. त्यांतून एकाला एक नळ जोडीत कित्येक किलोमीटर लांबीची माळ तळापर्यंत सोडतात. इतका वेळ जहाज नांगरावांचून एकाच जागीं स्थिर ठेवावें लागतें. त्यासाठीं तळावरून येणाऱ्या ध्वनीच्या खुणेवरून पंखे आपोआप चालवितात. आरंभीं फिरत्या पात्यांमुळें मऊ गाळ ढवळला जाई. सन १९७९ च्या सुमारास पाण्याच्या दाबानें पात्याच्या पुढें एक दट्ट्याची नळी वेगानें खुपसण्याची युक्ति निघाली, तेव्हां मऊ गाळही जसाच्या तसा मिळूं लागला.

ह्याच जॉयडीस रेझोल्यूशन जहाजानें सन २०१५ च्या एप्रिल-मे महिन्यांत अरबी समुद्रांत काम केलें. त्या मोहिमेंत भारतीय शास्त्रज्ञही होते. आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारें ४७५ किलोमीटर दूर, कोंकणच्याच अक्षांशावर, साडेतीन किलोमीटरांहून अधिक पाण्याखालीं, तळाच्याही खालीं १,१०० मीटरांपर्यंत भोंक पाडण्यांत आलें. तेथें निघालेल्या गाळाचा मोठा भाग सह्याद्रीचा नव्हे. तो हिमालयाकडील डोंगरांची झीज होऊन सिंधु नदीनें वाहून आणिलेला होता. कोंकणच्या समोर, समुद्राच्या पोटांत, हिमालयाची माती! नमुना नीट क्रमानें वर आला, म्हणूनच ती केव्हां आली, किती आली, आणि त्या काळीं पावसाचें मान कसें होतें, हे प्रश्न विचारतां येतात.

असो. चरबी लावलेल्या शिशापासून ह्या जहाजापर्यंतचा प्रवास पाहिला, तर एक गोष्ट दिसून येते. चिखल वर आणणें हें पहिल्यापासूनच जमत होतें. तो आपल्या हाताची भेसळ न होऊं देतां आणणें, ह्यासाठींच एवढीं वर्षें लागलीं. ज्या नमुन्यावर स्थळ, खोली आणि वरची बाजू लिहिलेली नाहीं, तो शास्त्रज्ञाच्या लेखीं केवळ चिखल होय. तुम्ही प्रयोगशाळेंत वही लिहितां, तेव्हां कंटाळून तारीख गाळावीशी वाटेल, किंवा शेजाऱ्याचा आंकडा बरोबर दिसतो म्हणून आपला खोडावासा वाटेल. त्या वेळीं पपईचा तो देठ आठवा; नळींत जें आलें असेल, तेंच लिहा.